वाचकांचे प्रश्न : राऊटरचं बटण आणि घरची हार्ड डिस्क

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी राऊटरबद्दल आहेत. कुणाचा रिसेटनंतर मुका झालाय, कुणाचा अपडेटच्या मधेच बंद पडलाय, आणि राऊटरला लावलेली डिस्क परगावाहून कशी उघडायची, हे विचारणारेही बरेच आहेत. म्हणून सदराची सगळी जागा याच विषयाला दिली आहे.

नेट हळू चालत होतं म्हणून राऊटरच्या मागच्या भोकात पिन घालून रिसेट केला. आता वायफायचं नाव बदललंय, मोबाइल जोडला जातो, पण नेट येत नाही. राऊटर गेला का? (नाशिक)

गेला नाही, सगळं विसरलाय. रीस्टार्ट म्हणजे नुसतं बंद करून चालू करणं. त्यात एकही सेटिंग जात नाही. रिसेट म्हणजे राऊटर कारखान्यातून आला तसा कोरा करणं. नेट हळू झालं तर आधी रीस्टार्ट करायचा असतो: अडॅप्टर काढायचा, अर्धा मिनिट थांबायचं, परत लावायचा. पिन हातात घेण्याची वेळ फार क्वचित येते.

तुमच्या राऊटरमधून काय काय पुसलं गेलं ते पाहू. वायफायचं नाव आणि पासवर्ड मूळचा झाला. तो राऊटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर छापलेला असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नेटवाल्याने जोडणीच्या दिवशी भरलेलं युजरनेम आणि पासवर्ड गेला. आपल्याकडच्या बहुतेक स्थानिक फायबर आणि केबल जोडण्या पीपीपीओई पद्धतीने चालतात, म्हणजे राऊटरला नेटवाल्याकडे दर वेळी नाव सांगून आत जावं लागतं. रिसेटनंतर राऊटर बहुधा ‘डायनॅमिक आयपी’वर जातो, नाव सांगतच नाही, आणि दारातच उभा राहतो.

नेटवाल्याला फोन करून तीन गोष्टी विचारा: युजरनेम, पासवर्ड, आणि व्हीलॅन आयडी लागतो का. मग राऊटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता टाकला की उघडतं ते) जाऊन ‘इंटरनेट’ किंवा ‘वॅन’ या भागात जोडणीचा प्रकार पीपीपीओई निवडा आणि ते भरा. पासवर्डातलं लहान-मोठं अक्षर नीट पाहा. सगळं बरोबर भरूनही जोडणी होत नसेल तर दहा मिनिटं राऊटर बंद ठेवा. अनेक नेटवाले एका नावावर एकच जोडणी देतात, आणि तुमची आधीची जोडणी त्यांच्याकडे अजून चालूच दिसत असते. तरीही नाही झालं तर मॅक पत्ता, म्हणजे प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक, विचारा. जुना राऊटर बदलून हा बसवताना कुणी ‘मॅक क्लोन’ केलं असेल, म्हणजे जुन्याचा मॅक पत्ता याला दिला असेल, तर रिसेटमध्ये तेही पुसलं गेलंय आणि नेटवाल्याच्या यादीत अजून जुनाच पत्ता आहे.

वायफायला नाव आणि पासवर्ड देताना मात्र जुनाच द्या, अक्षर न अक्षर तोच. टीव्ही, कॅमेरे, प्रिंटर, गीझरचा स्विच हे सगळं आपोआप जोडलं जाईल. नवं नाव दिलंत तर घरातली प्रत्येक वस्तू एकेक करून जोडत बसावं लागेल.

एक इशारा. घरात दोन डबे असतील, एक फायबर जिथे येते तो नेटवाल्याचा आणि दुसरा तुमचा राऊटर, तर नेटवाल्याच्या डब्याला पिन लावू नका. त्यातली काही सेटिंग तुम्हाला भरताच येत नाहीत, माणूस बोलवावाच लागतो. त्या डब्यावर ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल असेल तर प्रकाशच पोहोचत नाहीये, आणि कोणत्याही रिसेटने तो येणार नाही. पिवळी किंवा पांढरी बारीक वायर कपाटामागे घडी पडून दबलीय का, हिरव्या टोकाची पिन सैल झालीय का, ते बघा. पिन बाहेर काढून तिच्या टोकात डोकावू नका. तो लेझर डोळ्यांना दिसत नाही. नेटवाल्याचा माणूस मीटर लावून ‘उणे बावीस, उणे अठ्ठावीस’ असं काही म्हणतो तो आकडा विचारून ठेवा. नेहमीच्या जीपॉन जोडणीत डब्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या (हे प्रकाशाच्या ताकदीचं माप) मधे असावा लागतो. उणे २७ च्या पलीकडे गेला की नेट अधूनमधून तुटणारच, मग घरात कितीही भारी राऊटर आणा.

रिसेटचं वेगळं भोकच नाही. एकाच बटणावर ‘डब्ल्यूपीएस/रिसेट’ लिहिलंय. (कराड)

तेच बटण. पटकन दाबून सोडलं तर डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता वायफाय जोडायची सोय, चालू होतं, दाबून धरलं तर रिसेट. राऊटर चालू असतानाच, साधारण १० सेकंद, दिवे एकदम लुकलुकेपर्यंत धरा आणि सोडा. मग दोन मिनिटं हात लावू नका. पाठ पुसताना हे बटण चुकून दाबलं जातं, तेव्हा राऊटर असा ठेवा की बटण भिंतीकडे राहील.

फोनवरून १९२.१६८.०.१ टाकतो, पण राऊटरचं पान उघडत नाही. (लातूर)

फोनचा मोबाइल डेटा बंद करा. रिसेट झालेल्या राऊटरला नेट नसतं, हे फोनला कळतं आणि तो गुपचूप मोबाइल डेटावर जातो. मग तुम्ही टाकलेला पत्ता राऊटरकडे जातच नाही. ‘या वायफायला इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का’ असं फोन विचारतो, त्याला हो म्हणा. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा अंकी पत्ता शोधून देणारी सोय. अँड्रॉइडमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ चालू असेल तर टीपीलिंकवायफाय डॉट नेट किंवा राऊटर डॉट असूस डॉट कॉम यांसारखी नावं उघडत नाहीत, अंकी पत्ता मात्र उघडतो. तो अंक कोणता, हे फोनच्या वायफाय तपशिलात ‘गेटवे’समोर लिहिलेलं असतं, अंदाजाने ०.१, १.१ टाकत बसू नका.

फर्मवेअर अपडेट करावं का? गेल्या खेपेला अपडेट चालू असतानाच लाइट गेली आणि राऊटरचा फक्त पॉवरचा दिवा लागतो. (जालना)

करावं, आणि नियमाने करावं. पण बसल्या जागी वायफायवरून नव्हे, आणि दुपारच्या लोडशेडिंगच्या वेळेतही नव्हे.

फर्मवेअर म्हणजे राऊटर चालवणारा आतला प्रोग्रॅम. राऊटरच्या फ्लॅश मेमरीत नवं फर्मवेअर लिहिण्याआधी जुनं पुसावं लागतं. पुसलं गेलं आणि लिहून पूर्ण होण्याआधी वीज गेली, तर मेमरीत अर्धवट मजकूर राहतो आणि राऊटर उठत नाही. म्हणून ही दोन ते पाच मिनिटं वीज जाता कामा नये. घरच्या इन्व्हर्टरवर विसंबताना एक बघा: पुष्कळ इन्व्हर्टरना मागे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असा खटका असतो. तो नॉर्मलवर असेल तर लाइट गेल्यावर बदल व्हायला लागणारा क्षणही राऊटरला पुरतो. तो बंद होऊन परत चालू होतो. खटका यूपीएसवर ठेवा. नाहीतर राऊटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस घ्या, पण आधी अडॅप्टरवरचा आकडा वाचा. १२ व्होल्ट १ अँपिअर आणि १२ व्होल्ट २ अँपिअर यांत फरक आहे. काही राऊटर ९ व्होल्टचे असतात, आणि त्यांना १२ व्होल्ट दिले तर जळू शकतात.

दुसरी मोठी चूक म्हणजे चुकीची फाइल. मॉडेलचं नाव सारखं असलं तरी आतला राऊटर वेगळा असू शकतो. टीपी-लिंकचा आर्चर सी६ घ्या. त्याच्या व्ही२ मध्ये क्वालकॉमची चिप आहे, व्ही३ मध्ये मीडियाटेकची. बाहेरून जुळी भावंडं, पण एकाचं फर्मवेअर दुसऱ्याला चालत नाही. स्टिकरवर ‘व्हर्जन’ शब्दापुढे जे लिहिलंय तेच कंपनीच्या भारतातल्या साइटवर निवडा. देश बदलला की फाइल बदलते, कारण वायफायचे परवानगी असलेले चॅनल देशागणिक वेगळे असतात. उतरवलेली फाइल झिप असेल तर ती आधी उघडा. आतली डॉट बिन फाइल राऊटरला द्यायची असते, झिप नव्हे. राऊटरला लॅन वायरने लॅपटॉप जोडा, सेटिंगचा बॅकअप घ्या, पीपीपीओईचं नाव-पासवर्ड कागदावर लिहा, यूएसबी डिस्क काढून ठेवा, आणि मगच ‘अपग्रेड’ दाबा. पट्टी १०० टक्के झाली तरी राऊटर स्वतःहून उठेपर्यंत वाट पाहा. घाई करून अडॅप्टर काढणारे लोडशेडिंगपेक्षा जास्त राऊटर घालवतात.

तुमचा राऊटर बहुतेक वाचेल. राऊटर सुरू करणारा जो छोटा प्रोग्रॅम असतो, बूटलोडर, तो मेमरीच्या वेगळ्या कप्प्यात असतो आणि साधारणपणे अपडेट त्याला हात लावत नाही. त्याला जागं करण्याची रीत कंपनीप्रमाणे बदलते. असूसमध्ये राऊटर बंद करून रिसेट दाबून धरायचं, तसंच धरून पॉवर चालू करायची, आणि पॉवरचा दिवा सावकाश लुकलुकू लागला की सोडायचं. लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.१० हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा मास्क द्यायचा, आणि कंपनीच्या ‘फर्मवेअर रिस्टोरेशन’ प्रोग्रॅममधून फाइल पाठवायची. डी-लिंकच्या बऱ्याच मॉडेलांत त्याच रीतीने चालू केलं की १९२.१६८.०.१ वर एक साधं पान उघडतं, तिथे फाइल द्यायची. टीपी-लिंकच्या आर्चर सी७ सारख्या मॉडेलांत उलटं आहे: राऊटर स्वतःच फाइल मागायला येतो. लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ पत्ता द्यायचा, त्यावर टीएफटीपी सर्व्हर (मागितलेली फाइल देणारा छोटा प्रोग्रॅम) चालू करायचा, आणि फाइलला मॉडेलप्रमाणे ठरलेलं नाव द्यायचं. एक अक्षर चुकलं तरी राऊटर ती उचलत नाही. तिन्ही पद्धतींत लोक अडकतात ते एकाच ठिकाणी: विंडोजचा फायरवॉल चालू असतो आणि लॅपटॉपचं वायफायही चालू असतं. काम होईपर्यंत दोन्ही बंद करा.

राऊटरच्या यूएसबीला २ टीबीची पोर्टेबल डिस्क लावली. कधी दिसते, कधी गायब. आणि डिस्क लावल्यापासून हॉलमधलं वायफायही मंद झालंय. (कोल्हापूर)

तुमच्या दोन तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत.

डिस्क गायब होते ती विजेमुळे. यूएसबी २ च्या खाचेतून प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३ मधून ९००. पोर्टेबल डिस्कची तबकडी फिरायला सुरुवात होते तेव्हा ती क्षणभर याहून जास्त ओढू शकते. राऊटरचा अडॅप्टर १२ व्होल्ट १ अँपिअरचा असेल तर एकूण १२ वॅट, आणि त्यात वायफायही चालवायचंय. डिस्कमधून ‘टक्... टक्...’ असा ठराविक अंतराने आवाज येत असेल तर बहुधा ती वर येण्याची धडपड करतेय आणि वीज कमी पडतेय. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मधे लावा. किंवा एसएसडी वापरा, तिच्यात मोटर नसते.

वायफाय मंदावतं ते यूएसबी ३ च्या गोंगाटाने. यूएसबी ३ च्या वायरमधून जी माहिती धावते तिचा विद्युत गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून प्रसिद्ध केलं होतं. डिस्क राऊटरच्या अँटेनाला टेकून ठेवली असेल तर आधी ती हलवा. चांगल्या आवरणाची वायर वापरून मीटरभर लांब ठेवा. तेवढ्याने भागलं नाही तर राऊटरच्या सेटिंगमध्ये यूएसबी २ चा पर्याय आहे का पाहा, किंवा फोन-लॅपटॉप ५ गिगाहर्ट्‌झवर आणा.

डिस्क कोणत्या पद्धतीने फॉरमॅट केलीय तेही बघा. फॅट३२ सगळे राऊटर वाचतात, पण एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. लग्नाचा व्हिडिओ तिथेच अडतो. एक्सफॅट जुन्या राऊटरना कळतच नाही, कारण मायक्रोसॉफ्टने त्याचा तपशील खुला केला तो २०१९ मध्ये. विंडोजच्या घरात एनटीएफएस हा मधला मार्ग. आणि डिस्क काढताना राऊटरच्या पानावर ‘इजेक्ट’ किंवा ‘सेफली रिमूव्ह’ दाबल्याशिवाय ओढू नका. राऊटर बंद करतानाही आधी तेच.

नव्या लॅपटॉपवर राऊटरची डिस्क उघडत नाही. ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ म्हणतो. जुन्या लॅपटॉपवर व्यवस्थित उघडते. (पणजी)

जाळ्यावरची डिस्क विंडोज ज्या पद्धतीने उघडतं तिला एसएमबी म्हणतात. जुन्या राऊटरना एसएमबीची फक्त पहिली आवृत्ती येते. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस तिच्यातल्याच भोकातून आत शिरत होता, आणि त्याच वर्षीच्या अपडेटपासून विंडोज १० नव्याने बसवताना ती आवृत्ती येईनाशी झाली. शिवाय विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीने पासवर्डाशिवायचा ‘गेस्ट’ प्रवेशही बंद केला आणि जोडणीवर डिजिटल सही सक्तीची केली.

आधी राऊटरचं फर्मवेअर ताजं करा. एसएमबी २ किंवा ३ चा पर्याय आला तर तो निवडा. शेअरिंगमध्ये गेस्ट बंद करून नाव-पासवर्ड द्या. मग विंडोजच्या पत्त्याच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश देऊन राऊटरचा पत्ता टाका. ‘नेटवर्क’ या यादीत तो दिसण्याची वाट पाहू नका. विंडोजमध्ये जाऊन एसएमबी १ परत चालू करण्याचा सल्ला अनेक जण देतील. तो ऐकू नका. राऊटरला दुसरं काही येतच नसेल तर घरातल्या घरात एफटीपीने, म्हणजे फाइल पाठवायच्या जुन्या पद्धतीने, फाइल घ्या, किंवा डिस्क सरळ लॅपटॉपला लावा.

घरी राऊटरला लावलेल्या डिस्कमध्ये सगळे जुने फोटो आहेत. मुलगी डॅलसला असते, तिला ते तिथून बघता यावेत. राऊटरमध्ये ‘इंटरनेटवरून एफटीपी’ असा पर्याय दिसतो. तो चालू केला, पण तिला उघडत नाही. (ठाणे)

तो पर्याय आजच बंद करा. तिला उघडत नाही ते एका परीने बरंच झालं.

एफटीपीत नाव, पासवर्ड आणि फाइल सगळं उघड्यावर जातं, वाटेतल्या कुणालाही वाचता येतं. आणि इंटरनेटवरचा प्रत्येक पत्ता ठोठावत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. याचं घडलेलं उदाहरण असूसचं आहे. त्यांच्या राऊटरमध्ये यूएसबी डिस्क घराबाहेरून उघडण्याची सोय होती, आणि एफटीपीचा मूळ पर्यायच ‘कुणालाही सगळं खुलं’ असा होता. २०१४ च्या फेब्रुवारीत १२,९०० हून जास्त लोकांच्या डिस्कमध्ये परकी माणसं शिरली. तुमच्या फाइल जगात कुणालाही दिसतायत, अशी चिठ्ठीच त्यांनी डिस्कवर ठेवली होती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर कारवाई केली आणि २०१६ मध्ये झालेल्या तडजोडीत २० वर्षं सुरक्षेची बाहेरून तपासणी करून घेण्याचं बंधन घातलं. डिस्क बाहेर उघडी ठेवायची नाही. मुलीला घरात घ्यायचं, आणि मग तिने डिस्क उघडायची. त्यासाठी व्हीपीएनचा बोगदा हवा, म्हणजे इंटरनेटमधून घरापर्यंत येणारी कुलूपबंद वाट.

पण त्याआधी तिला का उघडत नव्हतं, हे तपासा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. राऊटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ बघा. मग ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी’ शोधा. दोन्ही अंक एकच असतील तर तुम्हाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता आहे. वेगळे असतील, आणि राऊटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर नेटवाल्याने एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवली आहेत. याला सीजीनॅट म्हणतात. एका पत्त्यावर शंभर बिऱ्हाडं राहतात आणि पोस्टमनला खोली नंबर माहीत नाही, तशी गत. बाहेरून आलेली हाक तुमच्यापर्यंत येतच नाही. मग राऊटरमध्ये कितीही पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची दारं, उघडा. राऊटरवरचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर मधे नेटवाल्याचा डबाही राऊटरचं काम करतोय. त्याला ‘ब्रिज’ करायला सांगा, किंवा त्यातून पोर्ट पुढे पाठवून घ्या.

सार्वजनिक पत्ता असेल तर राऊटरच्या व्हीपीएन सर्व्हरमध्ये वायरगार्ड निवडा. तो नसेल तर ओपनव्हीपीएन. पीपीटीपी दिसला तर घेऊ नका, त्याचं कुलूप केव्हाच फुटलंय. वायरगार्ड सहसा यूडीपी ५१८२० या पोर्टवर चालतो, आणि तेवढं एकच पोर्ट बाहेर उघडं राहतं. योग्य किल्ली नसलेल्याला ते उत्तरही देत नाही. तुमचा पत्ता रोज बदलत असेल तर राऊटरमधलंच डीडीएनएस चालू करून एक कायमचं नाव घ्या, आणि जोडणीच्या फाइलमध्ये ‘एंडपॉइंट’ म्हणून ते नाव द्या. मुलीच्या प्रत्येक उपकरणाला वेगळी किल्ली बनवा. फोन हरवला तर तेवढी एकच रद्द करता येते. फोनसाठी पडद्यावरचा क्यूआर कोड तिला पाठवा, पण बघून झाल्यावर संवादातून पुसून टाका. त्या चित्रातच किल्ली आहे.

जोडणीच्या त्याच फाइलमध्ये ‘अलाउड आयपीज’ या रकान्यात ०.०.०.० लिहिलेलं असतं. ते तसंच ठेवलंत तर मुलीचं डॅलसमधलं सगळं नेट, टीव्हीसकट, ठाण्याच्या घरातून फिरून जाईल. तिथे फक्त घरच्या जाळ्याचा पत्ता लिहा. त्याच वेळी घरच्या जाळ्याचा पत्ता बदलाही, कारण तिच्या घरातलं जाळंही बहुधा १९२.१६८.१ चंच असेल. दोन्ही सारखे असले तर बोगदा जोडलेला दिसतो, पण १९२.१६८.१.१ टाकल्यावर तिला तिचाच राऊटर दिसतो. यावर लोकांचे दिवसच्या दिवस गेले आहेत. घरच्या राऊटरच्या लॅन सेटिंगमध्ये १९२.१६८.७३.१ असं काही आडवळणाचं द्या. मग ती जोडली गेली की १९२.१६८.७३.१ वर एसएमबीने डिस्क उघडेल, जणू ती हॉलमध्ये बसली आहे.

सीजीनॅट असेल तर दोन रस्ते. एक, नेटवाल्याकडून वेगळे पैसे भरून स्टॅटिक पब्लिक आयपी, म्हणजे न बदलणारा सार्वजनिक पत्ता, घ्यायचा. दुसरा, टेलस्केलसारखी सेवा, जी दोन्ही टोकांकडून बाहेर हात घालून मधे गाठ मारते. तिला सार्वजनिक पत्ता लागत नाही. काही राऊटरमध्ये ती आधीच असते. तुमच्यात नसेल तर घरात कायम चालू राहणाऱ्या एका यंत्रावर, रास्पबेरी पाय किंवा जुना लॅपटॉप चालेल, ती बसवा, त्याला ‘सबनेट राऊटर’ करून १९२.१६८.७३.० हे जाळं जाहीर करा, आणि खात्याच्या पानावर जाऊन त्याला मंजुरी द्या. ही मंजुरी द्यायला विसरतात, आणि मग यंत्र दिसतं पण डिस्क दिसत नाही.

वेगाबद्दल खोटी आशा ठेवू नका. बाहेर पाठवताना तुमचा अपलोड वेग धरायचा. ३० एमबीपीएस असेल तर ४ जीबीच्या व्हिडिओला कमीत कमी १८ मिनिटं. शिवाय ठाण्याहून डॅलसला जाऊन परत यायला हाकेला साधारण पाव सेकंद लागतो, आणि एसएमबी प्रत्येक छोट्या गोष्टीसाठी हाक मारतं. हजार फोटोंचं फोल्डर उघडून छोटी चित्रं यायची वाट बघत बसली तर मुलगी कंटाळेल. तिला सांगा, फोल्डर न्याहाळण्यापेक्षा सरळ उतरवून घे. आणि तुम्ही वर्षवार, समारंभवार लहान फोल्डर करा. हे फोटो जर त्या एकाच डिस्कवर असतील तर आणखी एक प्रत आजच काढा, दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या कपाटात.

बँकेची साइट टाकली की भलतंच पान येतं, सगळ्या फोनवर. अपडेट केलं, तरी तेच. (अकोला)

सगळ्या फोनवर तेच होतंय म्हणजे दोष राऊटरमध्ये असण्याची शक्यता जास्त. कुणीतरी त्यातला डीएनएस बदलला असणार. नुसत्या अपडेटने असा बदल जात नाही, कारण अपडेट प्रोग्रॅम बदलतं, सेटिंग तशीच ठेवतं. मे २०२५ मध्ये उघड झालेल्या असूस राऊटरवरच्या हल्ल्यात नेमकं हेच होतं: चोरांनी राऊटरच्याच सेटिंगमध्ये ५३२८२ या पोर्टवर स्वतःसाठी दार उघडलं होतं, आणि फर्मवेअर ताजं केलं तरी ते दार राहत होतं. नुसतं रीस्टार्टही पुरत नाही. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा व्हायरस पाच लाखांहून जास्त राऊटर आणि डिस्कच्या डब्यांत सापडला, तेव्हा एफबीआयने लोकांना रीस्टार्ट करायला सांगितलं खरं, पण त्याचा पहिला हिस्सा रीस्टार्टनंतरही टिकून राहत होता. तो घालवायला रिसेटच लागत होता.

इथे मात्र पिन हातात घ्या. बाहेरून येणारी वायर काढा. मोबाइलच्या नेटवरून फर्मवेअरची फाइल उतरवून घ्या. राऊटर रिसेट करा, लॅन वायरने फाइल चढवा, परत एकदा रिसेट करा. आधी घेतलेला सेटिंगचा बॅकअप अजिबात चढवू नका. त्यात चोराने केलेला बदलही असू शकतो. सगळं हाताने भरा. राऊटरच्या पानाचा पासवर्ड नवा आणि लांब द्या, तो वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असू द्या. ‘रिमोट मॅनेजमेंट’, ‘डब्ल्यूपीएस’ आणि ‘यूपीएनपी’ बंद करा. हे झाल्यावरच बाहेरची वायर लावा. बँकेचा पासवर्ड दुसऱ्या जोडणीवरून बदला. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर फोन आणि संगणक तपासायची मोफत साधनं आहेत, तीही वापरा.

राऊटर दहा वर्षांचा आहे, अजून उत्तम चालतो. बदलायचा का? (सोलापूर)

कंपनीच्या साइटवर त्याच्या नावासमोर शेवटचं फर्मवेअर कोणत्या वर्षाचं आहे ते बघा. तीन-चार वर्षांत काहीच आलं नसेल, किंवा ‘एंड ऑफ लाइफ’ असं लिहिलं असेल, तर बदला. एफबीआयने मे २०२५ मध्ये लिंक्सिसच्या ई१२००, ई२५००, डब्ल्यूआरटी३२०एन यांसारख्या जुन्या मॉडेलांबद्दल इशारा दिला तो याचसाठी. चोर त्यांचा वापर स्वतःचा माग लपवायला करत होते, आणि घरच्यांना पत्ताही नव्हता. त्यांचंही नेट उत्तमच चालत होतं. हौस असेल तर त्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत पर्यायी फर्मवेअर चढतं का पाहा, पण फ्लॅश ८ एमबी आणि रॅम ६४ एमबीपेक्षा कमी असेल तर नाद सोडा. काढून टाकण्यापूर्वी मात्र त्याला रिसेट करा: तुमच्या वायफायचा आणि नेटच्या खात्याचा पासवर्ड अजून त्याच्या पोटात आहे.